खांद्यावरचा पट्टा

कापसातून सरकी काढणाऱ्या घाटंजीच्या जुन्या जिनात बशीर मिस्त्रीचा एक कायदा होता. सरकारचे कायदे तिथं कुणाला ठाऊक नव्हते, पण मिस्त्रीचा हा कायदा सरकी झाडणाऱ्या बाईपासून दिवाणजीपर्यंत सगळ्यांना पाठ होता. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर आधी त्या मशीनचा पट्टा उतरवायचा, आणि उतरवलेला पट्टा खुंटीला नाही, भुईवर नाही, आपल्या खांद्यावर टाकायचा. खांद्यावर पट्टा आहे तोवर मशीन मेलेलं. मग आत हात घाला, मान घाला, काय वाट्टेल ते करा.

याला कारण होतं. त्या जिनात कापसाची मशिनं दोन रांगांत उभी होती आणि सगळ्यांच्या पोटाखालून, फरशीखालच्या नालीतून, एकच लांब लोखंडी शाफ्ट जात होता. शाफ्टवरून दर मशीनला एक पट्टा. शाफ्ट फिरला की ज्याला पट्टा जोडलेला ते मशीन फिरलंच. ते काही विचारत बसत नाही, की बाबा, माझ्या तोंडात कुणाचा हात आहे का म्हणून. शाफ्ट फिरवणारी मोटार शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, पंजाबरावांच्या ताब्यात. पंजाबराव आधी घंटा वाजवत, मग थांबत, आणि इकडून बशीरनं 'चालू' अशी हाक दिली की मगच खटका ओढत. घंटा, हाक, खटका. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

बशीरच्या उस्तादांचा उजवा हात अर्धाच होता. असल्याच एका मशीननं खाल्लेला. उस्ताद डाव्या हातानं जेवत आणि दावतीला गेले की कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसत, कारण डाव्या हातानं घास घ्यायची त्यांना शेवटपर्यंत शरम वाटली. त्या हाताकडं पाहत बशीर कामाला लागला, म्हणून त्याचा कायदा इतका कडक. पट्ट्याच्या तेलकट डागातून त्याचा एकही शर्ट सुटला नाही. त्याची बायको जैनबबी म्हणायची, निकाह लागला माझ्याशी, अन् खांद्यावर घेऊन मिरवता त्या सवतीला! यावर बशीर हसायचा. तेव्हा तो हसत असे.

गोष्ट दोन हजार सहाच्या हंगामाची. त्या सालातला कापूस म्हणजे काय होतं, हे यवतमाळच्या माणसाला सांगायची गरज नाही. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्याच, म्हणून बशीरनं पेपर घेणंच बंद केलं होतं. जिनासमोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची ती आता अंगणातच मावून जाई. मशिनांची एक अख्खी रांग बंद पडून होती, तिच्यावर चिमण्यांनी घरं केली होती. लोहारा गावाकडच्या जिनांत नवी मशिनं आलीत, बटण दाबलं की झालं, असं ड्रायव्हर लोक सांगत. ऐकून बशीर नुसता 'हूं' करायचा.

दिवाळी झाली आणि बशीर जिनमालक शेठकडं गेला. मशिनांच्या रुळांची चामडी झिजली होती, पुढच्या हंगामासाठी नवी मागवायला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. शेठनं दार लोटून घेतलं. पाणी दिलं, चहा दिला. शेठ स्वतः चहा ओततो तेव्हा काहीतरी भलतं ऐकायला मिळणार हे बशीरला कळायला हवं होतं, पण भोळा माणूस, त्यानं बिस्किटही घेतलं. मग शेठ म्हणाला, रूळ-बीळ काही मागवू नको. होळीपर्यंत ओढ कसंतरी, मग बंद. मशिनं भंगारात जातील. पण हे तुझ्या-माझ्यात राहू दे, कारण बाहेर फुटलं तर बाया उद्याच दुसरीकडं जातील आणि एक बंडी दारात येणार नाही. आणि शेठनं हात पुढं केला. "बशीर, जबान दे."

बशीरनं जबान दिली. आता तुम्ही म्हणाल, कायले दिली? अहो, ज्याचं मीठ वर्षानुवर्षं खाल्लं तो हात पुढं करतो, तेव्हा माणूस विचार करत बसतो का? शेठला हे बरोबर ठाऊक होतं. जड ओझं उतरवायचं तर ते मुकाट्यानं घेणाऱ्याच्या डोक्यावर उतरवावं, यात ही माणसं हुशार असतात. केबिनमधून बाहेर येताना शेठचा चेहरा हलका झाला होता आणि बशीरच्या हातात अर्धं बिस्किट तसंच होतं.

तिथून पुढं सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आधी झोप गेली. पडल्या पडल्या लागायची आणि पहाटेच्याही आधी खटकन उघडायची, जणू कुणी घंटा वाजवली. मग जेवणाची चव गेली. मग दात. जैनबबी सांगायची, झोपेत तुम्ही असे दात खाता की मला वाटतं घरात उंदीर शिरलाय. सकाळी बशीरचा जबडा दुखे, कानशिलं ठणकत, आणि तो म्हणे हवेतला गारठा आहे. जिनात काम करताना त्याचे ओठ हलत. बाया आपसात म्हणत, मिस्त्री आजकाल जप करतात वाटतं. जप कसला! तो मनातल्या मनात शेठशी भांडायचा, आणि मनातल्या भांडणातही हरायचा.

आणि राग! बशीरच्या जिभेवर कधी कडू शब्द यायचा नाही, पण आता चहात साखर कमी म्हणून कप आपटला, शेळी ओरडली म्हणून शेळीवर ओरडला. एका जुम्म्याला नमाजाला निघताना त्यानं बाहेरून कुलूप घातलं आणि जैनबबीला आत कोंडूनच गेला. ती खिडकीतून हाका मारते आहे आणि हा आपला तरातरा चाललाय. तिनं लिंबू-मिरची बांधून पाहिली, दर्ग्यातलं दम केलेलं पाणी पाजून पाहिलं. शेवटी एक दिवस भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता, त्यांच्या घरच्या त्या अर्ध्या हिंदी अर्ध्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली, "देखो जी, तुमच्या पोटात कायतरी हाय. मले नका सांगू. पर कोनाले तरी सांगा. नाहीतं एक दिवस थे कोनाच्या तरी आंगावर पडन."

"मले काय धाड भरली?" बशीर म्हणाला. "ठणठणीत हाव मी."

आता नलूबद्दल सांगायला पाहिजे, कारण ते जे पडायचं होतं ते तिच्याच अंगावर पडलं.

नलू जिनात मशीनला कापूस भरायची. सडसडीत बाई, बोलायला तिखट, कामाला त्याहून तिखट. नवरा ऑटो चालवायचा, तो चालला तर चालला. जयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून सगळ्यात पुढं चालणारी ही नलू, पण मशीनपुढं बशीरचा शब्द तिला वेदवाक्य... नाही, वेदवाक्य म्हटलेलं तिला आवडणार नाही. बशीरचा शब्द तिला पुरेसा होता, एवढंच. तिचा हात बारीक होता. पात्याखाली सुतळी किंवा पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, काडूक अडकलं आणि बशीरचा जाडजूड पंजा आत जाईना, की तो नलूला हाक मारायचा. तो पट्टा खांद्यावर घेऊन शेजारी उभा राही आणि ती बिनघोर कोपरापर्यंत हात घाली.

संक्रांतीच्या सुमाराला ती त्याच्याकडं आली आणि हळूच म्हणाली, भाई, मुलींच्या वसतिगृहात सैपाकाचं काम आलंय. बारमाही आहे. पण आता धरायचं तर जिन सोडावं लागतं, आणि जिन सोडलं की पुढच्या हंगामाला शेठ परत घेणार नाही. तुम्ही सांगा. पुढच्या साली जिन चालेल ना?

बशीरच्या छातीवर कुणीतरी कापसाची गाठ ठेवली. एक शब्द बोलला असता तर या बाईचं भलं झालं असतं. पण त्या शब्दावर त्यानं जबानीचं कुलूप घातलं होतं. "चालन नाई तं काय होइन?" तो खेकसला. "कामाच्या येळी हे कायले इचारतं?" नलू म्हणाली, बरं. आणि तिनं वसतिगृहाला 'येत नाही' म्हणून कळवलं.

त्या दिवसापासून बशीर नलूकडं सरळ पाहीना. पाहिलं की छातीत धडधड सुरू होई, आणि धडधडीचा त्याला राग येई, आणि तो राग नलूवरच निघे. बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. जिच्याशी आपण वाईट वागलो तिचाच आपल्याला राग येतो, ही माणसाची जुनीच खोड आहे.

मग तो दिवस उजाडला. लोडशेडिंग सुरू होतं. सकाळी वीज गेली की दुपार झाल्याशिवाय यायची नाही, आणि तेवढ्या वेळात बशीर मशिनांची साफसफाई उरकून घेई. शेड अंधारी, हवेत रुईची धूळ, सगळी मशिनं गप्प. शेवटच्या वेचणीचा फरतड कापूस आला होता, ओला आणि कचऱ्यानं भरलेला, आणि आठ नंबरच्या पात्याखाली काहीतरी घट्ट अडकलं होतं. सात नंबर आणि आठ नंबर शेजारी शेजारी. दोघांच्या पुल्या एकमेकांकडं तोंड करून, मधल्या चिंचोळ्या बोळात. बशीर त्या बोळात वाकला, पट्टा उतरवला, खांद्यावर टाकला आणि नलूला हाक मारली.

वाकला तेव्हा त्याच्या डोक्यात पट्टा नव्हता. डोक्यात शेठ होता. आज शेठला सांगून टाकू, की माझ्यानं हे होत नाही. मग शेठ असं म्हणेल, मग आपण असं म्हणू. ओठ हलत होते. हातांना काम पाठ, हात आपले करत होते.

नलूनं ते ओठ पाहिले. तिनं बांगड्या मागं सारल्या, हात पुढं केला आणि थांबली. "भाई, एक डाव पट्टा पाहून घ्या ना."

झालं. सुक्या गंजीत काडी पडली. "तू मले शिकवून राह्यली का?" बशीर इतक्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या बायांनी झाडण्या थांबवल्या. "आंधळा झालो का मी? हा खांद्यावर काय हाय, दिसत नाई तुले? काम करायचं नसंल तं घरी जा. दारात लय बाया उभ्या हायेत." हे शेवटचं वाक्य तर त्याचं नव्हतंच, शेठचं होतं. ते आपल्या तोंडून कसं निघालं हे त्याला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही.

सगळ्यांसमोर असा पाणउतारा झाला आणि नलूचे डोळे भरले. तिनं खाली वाकून कोपरापर्यंत हात आत घातला.

आणि घंटा वाजली.

वीज वेळेआधी आली होती. घंटा ऐकून बशीर जागचा हलला नाही, कशाला हलेल? पट्टा खांद्यावर होता. नलूही हलली नाही, तिची बोटं त्या काडकापर्यंत पोचली होती. आता पंजाबराव थांबणार, हाकेची वाट पाहणार. पण पंजाबराव थांबले नाहीत. पायांखालची फरशी गुरगुरायला लागली, नालीतला शाफ्ट फिरला, आणि बशीरची नजर सहज बोळात गेली. सात नंबरची पुली उघडी होती. आठ नंबरचा पट्टा आठ नंबरवरच होता, आणि तो थरथरत होता.

त्यानं नलूच्या कंबरेला हात घातला आणि तिला मागं फेकलं. दोघंही सरकीच्या ढिगात पडले. मशीन कडाकडा वाजलं. नलूच्या हिरव्या बांगड्या आत गेल्या होत्या आणि त्यांचा चुरा पांढऱ्या रुईबरोबर बाहेर येत होता. मनगटापासून कोपरापर्यंत तिची कातडी सोलून निघाली होती. पण हात होता. पाचही बोटं होती. बशीर ती बोटं पुन्हा पुन्हा चाचपत होता.

मोटार बंद करून पंजाबराव धावत आले. उंच, आडमाप माणूस, कुणाशी फार बोलायचा नाही. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "थांबाचं राहूनच गेलं," एवढंच ते म्हणत राहिले. बशीरनं खांद्यावरचा पट्टा काढला आणि पाहिला. पट्ट्यावर त्यानंच खडूनं मोठा सात काढलेला होता. आंधळ्यालाही दिसावा एवढा.

नवऱ्याचा ऑटो भाड्यावर गेला होता, म्हणून बशीरनंच नलूला सायकल-रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिनं हाताला पदर गुंडाळला होता आणि ती पुढं बघत होती. बशीरला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात. नलूच्या शिव्या घाटंजीत प्रसिद्ध होत्या, पण आज तिनं एक खर्च केली नाही.

दवाखान्यात हंसाबाई नावाच्या सिस्टर होत्या. पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी नलूचा हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली, सुई टोचली. मग वळून बशीरकडं पाहिलं. तो भिंतीशी उभा होता, जबडा आवळलेला, आणि त्याचा हात असा थरथरत होता की खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही बसा इथं. तो म्हणाला, मला काही झालेलं नाही, लागलंय हिला. सिस्टरनी ऐकलं नाही. त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि भुवया उंचावल्या.

"झोप लागते का, बशीरभाई?"

"लागते ना."

"नाई लागत त्यायले," नलू म्हणाली. बाकड्यावर बसून, भिंतीकडं बघत. "दुपारच्याले सरकीच्या पोत्याले टेकले की झापड येते अन् खटकन उठतात."

सिस्टरनी विचारलं जेवण जातं का. बशीर म्हणाला जातं. नलू म्हणाली, डबा अर्धा कुत्र्याला जातो, मी रोज पाहते. सिस्टरनी विचारलं, चिडचिड? विसरभोळेपणा? बशीरनं खिशातल्या किल्ल्या मुठीत धरल्या. नलूनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, पूर्वी असे नव्हते हे. पूर्वी आम्ही बाया गाणी म्हणायचो तर हे मशीनवर पान्यानं ताल धरायचे. दिवाळीपासून बिघडलेत. आम्ही सगळ्या म्हणतो, मिस्त्रीच्या जिवाला काहीतरी लागलंय, पण पुरुष माणसाला विचारायचं कसं?

बशीरला वाटत होतं आपलं दुखणं आपल्या कातडीच्या आत आहे, बाहेरच्याला काय दिसतंय. आणि इथं ही बाई, जिला तो संक्रांतीपासून तोंड चुकवत होता, त्याचा एकेक दिवस वाचून दाखवत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

हंसाबाई सिस्टर म्हणाल्या, गोळी देते, दाब उतरेल. पण जे दाबून ठेवलंय ते गोळीनं उतरायचं नाही. शरीर कधीचं सांगतंय तुम्हाला, जबडा सांगतोय, झोप सांगतेय, तुम्ही ऐकत नाही म्हणून आज हातानं सांगितलं. कुणाशी बोलता का? बशीरनं नकारार्थी मान हलवली. "मग बोला," सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. त्यांच्यामागं रांग होती, त्यांना काय बशीर एकटाच होता?

बशीर बाकड्यावर नलूच्या शेजारी बसला. मग त्यानं शेठची जबान एकदा मनात तोलली, आणि पट्टीतला तो सोललेला हात पाहिला, आणि जबान हलकी भरली.

"नलूबाई, जिन होळीले बंद होनार हाय. मले दिवाळीपासून मालूम होतं. तू इचारलं तवा म्या तुले खोटं सांगतलं."

नलूनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. तिला उमगायला क्षण लागला. मग तिचा चेहरा कोरा झाला. "थे वसतिगृहाचं काम दुसऱ्या बाईनं धरलं भाई," ती म्हणाली. "मागच्याच हप्त्यात."

बशीर माफ कर म्हणाला. ती उठली आणि म्हणाली, चला, माझी चप्पल जिनातच राहिली आहे.

परत येईपर्यंत उन्हं उतरली होती. बाया शेडमध्ये रुईचा ढीग पसरून त्यातून बांगड्यांची काच वेचत होत्या. रुईत काच गेली तर सगळा माल परत येतो. पंजाबराव मोटारीपाशी स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांमध्ये घालून. बशीर शेडच्या मधोमध उभा राहिला. कधी भाषण केलेला माणूस नव्हे तो. त्यानं आधी सांगितलं की चूक नलूची नाही, माझी आहे, कुणी शेठला दुसरं काही सांगू नका. मग सांगितलं की झोप येत नाही, डोकं जागेवर नाही, आणि डोकं जागेवर येईतो मी कुणाचाही हात मशीनमध्ये घालायला लावणार नाही. आणि मग सांगितलं डोकं कशानं गेलं ते. होळी. भंगार. जबान.

बाया वेचायच्या थांबल्या. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी 'असं हाय तं' एवढंच म्हणाली, आणि एकजण लगेच शेजारणीला विचारू लागली की पांढरकवड्याकडं कुठं काम निघालंय का. म्हणजे त्यांना कळलं असतं तर त्या मोडून पडल्या नसत्या. दिवाळीपासूनच शोधायला लागल्या असत्या, बस. बशीर ते ऐकत होता. जबडा सैल सुटला होता, आणि त्याला चक्क भूक लागली होती. त्या भुकेचीही त्याला लाज वाटली.

तेवढ्यात मागून पंजाबरावांचा आवाज आला. बसल्या जागेवरून, खाली मान घालून. "मले मालूम हाय."

सगळे वळले. पंजाबराव म्हणाले, मोटार वाइंडिंगला द्यायची म्हणून मीही दिवाळीनंतर शेठकडं गेलतो. दार लोटलं, चहा दिला, जबान घेतली. तुझ्या-माझ्यात राहू दे म्हणाला. तेव्हापासून घरी बायकोशी बोलणं नाही, जेवण अंगी लागत नाही. आज घंटा वाजवली आणि मी कुठं होतो मलाच ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा खटका ओढलेला होता.

बशीर त्यांच्याकडं बघतच राहिला. शेडच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला पंजाबराव, आणि मध्ये एकच शाफ्ट. दोघांनाही वाटत होतं हा दगड आपल्या एकट्याच्याच उरावर आहे.

नलू चप्पल हातात घेऊन दारात उभी होती. ती आळीपाळीनं दोघांकडं पाहत होती, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांत सकाळपासून आवरलेला राग आला.

"रोज दुपारी एकाच पोत्यावर बसून डबा खाता ना तुमी दोघं?" ती म्हणाली. "मंग बोलता तरी काय?"

नलूनं चपला पायात घातल्या आणि ती घरी गेली.